चादर आणि चद्दर

(सोलापुरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बसा, बसा. मागे पंख्याखाली अजून जागा आहे. पत्रिकेत विषय छापलाय 'एका शब्दाचा प्रवास', पण शब्द कोणता ते मीच छापू दिलं नाही. छापला असता तर तुम्ही म्हणाला असता, हा तर आपल्या घरात घडी घालून ठेवलेला आहे, त्यासाठी व्याख्यानाला कशाला जायचं! तर शब्द आहे, चादर.

बघा, मी 'चादर' म्हटलं आणि पहिल्या रांगेतल्या दोघांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी बघायलाच मी आलोय. कारण सोलापुरात आपण चादर म्हणत नाही. चद्दर म्हणतो.

मी सातवीत होतो. वडील मागावर होते, आई घरी कांड्या भरायची. 'माझे घर' या निबंधात मी लिहिलं, 'आमचे बाबा चद्दर विणतात.' वही परत आली तेव्हा 'चद्दर'भोवती लाल शाईचा गोल होता, शेजारी 'चादर' अशी दुरुस्ती आणि अर्धा गुण कापलेला. अर्ध्या गुणाचं मला फार वाटलं नाही. पण आमच्या बोळात तेलुगू बोलणारे शेजारी होते, कन्नड बोलणारी भाजीवाली यायची, समोरच्या घरात उर्दू होती. एरवी एकमेकांचे शब्द चुकतात म्हणून आम्ही पोरं दिवसभर हसायचो. हा एक शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी सारखा होता. आणि नेमका तोच चूक? त्या रात्री मी जेवलो नाही.

वडील पाळी संपवून आले. शिक्षण चौथीपर्यंतचं. वही दिव्याखाली धरून त्यांनी बराच वेळ ते लाल वर्तुळ बघितलं. मग म्हणाले, ''गुरुजी म्हणतात ते पुस्तकातलं असंल. पण गिऱ्हाईक चादर मागायला आलं तर मला विचारावं लागतं, अंथरायला का पांघरायला? चद्दर मागितली तर विचारावं लागत नाही.''

हे वाक्य मी आज पन्नास वर्षं सोबत घेऊन फिरतोय. पुढे भाषा शिकलो, भाषाच शिकवली, शब्दकोश चाळले. पण शब्द कसा तोलायचा हे मला त्या वाक्यानं शिकवलं.

त्याचा पुरावा मला हरिद्वारला मिळाला. डिसेंबर होता. धर्मशाळेत रात्री थंडीनं झोप येईना. खाली जाऊन म्हटलं, एक चादर द्या. मुलगा पांढरी, पातळ चादर घेऊन आला. म्हटलं, आणखी एक. त्यानं तसलीच दुसरी आणली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो काळजीनं म्हणाला, ''बाबूजी, गद्दे कितने बिछा रखे हैं?'' त्याच्या भाषेत मी अंथरायलाच मागत होतो. पांघरायला हवं असेल तर कंबल म्हणायचं, रजाई म्हणायचं. मी त्याला आपली जाड, दोन्ही बाजूंनी नक्षी असलेली, मोर विणलेली चद्दर हातवारे करून समजावली. अखेर त्यानं रजाई आणून दिली. पोरगा गुणी होता.

म्हणजे एकच शब्द हरिद्वारला अंगाखाली जातो आणि सोलापुरात अंगावर येतो. आता तो आला कुठून ते बघू.

शब्द फारसी आहे, चादोर. इराणात चादोर म्हणजे बायकांनी डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं वस्त्र, हे आपल्याला बातम्यांमुळे माहीत असतं. १९३६ साली रझा शाहनं ते वापरायला बंदी केली. पोलीस रस्त्यात बायकांच्या अंगावरचं ते वस्त्र ओढून काढायचे, आणि कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. कापडाच्या एका तुकड्यावर राज्यकर्त्यांचा एवढा राग का, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. पण त्याच फारसीत चादोर म्हणजे तंबूही. भटक्या जमातीच्या माणसाला तिथे 'चादोरनशीन' म्हणतात, तंबूत बसणारा. आणि 'चादोरशब' नावाचं एक कापड आहे, शब्दशः रात्रीची चादर. अंथरूण-पांघरूण गुंडाळून बांधायचं कापड. गिलान प्रांतात बायका ते मागावर विणतात. आपल्याकडे होल्डॉल यायच्या आधी वळकटी कशात बांधायचे ते आठवा.

तिथून शब्द तुर्कांकडे गेला आणि नुसता तंबू झाला, 'चादिर'. ग्रीकांनी तुर्कांकडून घेतला, त्यांचा 'त्सादिरी', तोही तंबूच. रशियनमध्ये 'शात्योर', हंगेरियनमध्ये 'शातोर', हेही तंबू आणि याच कुळातले. मॉस्कोत कोलोमेन्स्कोये इथे १५३२ सालचं एक चर्च आहे. त्याचं उंच, निमुळतं शिखर ज्या धाटणीचं आहे तिला रशियन लोक तंबूची धाटणी म्हणतात. आपला शब्द तिथे शिखर होऊन उभा आहे.

आणि बल्गेरियात? तिथे 'चादर' म्हणजे छत्री! उच्चार जवळजवळ आपलाच, आघात तेवढा शेवटी. पावसात एखादा सोलापूरकर सोफियाच्या दुकानात शिरून 'चादर' म्हणाला तर त्याच्या हातात छत्री पडेल.

इथे कुणीतरी हळूच 'छत्र' म्हणालं, मला ऐकू आलं. बरोबर आहे, मोह होतो. आपला छत्र शब्द फारसीत 'चत्र' होऊन गेला, हे खरं. आपल्याकडे आच्छादन आहे, छद् धातू आहे. म्हणून चादरही मूळची आपलीच, असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. ध्वनी जुळले म्हणून सोयरीक जुळत नाही, पत्रिका बघावी लागते. शब्द कुणाचा यापेक्षा त्याला कुणी कसं वागवलं, यात मला जास्त रस आहे.

आपल्याच देशात बघा ना. श्रीनगरची शालिमार बाग जहांगीरानं १६१९ साली उभी केली. मोगल बागांत कोरीव, उतरत्या दगडावरून पाणी पातळ पसरून खाली येतं, त्या उताराला चादर म्हणतात. राजस्थानात तलाव भरून भिंतीवरून वाहायला लागला की 'चादर चल रही है' म्हणतात. त्या कोरड्या मुलखात हे वाक्य केवढ्या आनंदाचं असेल! लडाखात जानेवारी-फेब्रुवारीत झंस्कार नदी गोठते. त्या बर्फाचं नावही चादर, आणि माणसं तिच्यावरून चालत जातात. पंजाबात विधवेवर दिरानं चादर घातली की लग्न लागलं. दर्ग्यावर चढते ती चादर. लोखंडाचा पत्रा हिंदीत चादर आणि चद्दरही.

एक म्हण मला फार आवडते. हिंदीत म्हणतात, जितनी चादर हो उतने पाँव पसारो. मराठीत तीच म्हण, पण आपण काय म्हणतो? अंथरूण पाहून पाय पसरावे. तिथे चादर नाही! कन्नडमध्येही हासिगे, म्हणजे अंथरूणच. इराणी माणूस म्हणतो, गिलिमाएवढे पाय लांब कर. गिलीम म्हणजे सतरंजी. तुर्क मात्र म्हणतो, रजाईप्रमाणे पाय पसर. अरबही रजाईच म्हणतो. पाय सगळ्यांचेच उघडे पडतात. पण एक म्हणतो खालचं बघ, दुसरा म्हणतो वरचं बघ. मराठीला म्हणीत चादर लागली नाही, कारण आपल्याकडे आधीच घोंगडी होती, वाकळ होती, गोधडी होती, पासोडी होती. पासोडी तर अशी, की अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी तिच्या कापडावरच शाईनं ग्रंथ लिहून काढला. तो प्रकार...

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं, दासोपंत पुन्हा कधीतरी. जे सांगायचं कबूल केलं होतं ते आता भरभर सांगतो.

माझं म्हणणं असं की चद्दर हे चादरचं बिघडलेलं रूप नाही. प्राकृतात सत्त, हत्थ, कम्म असे शब्द होते. मराठीनं जोडाक्षर सोडलं आणि स्वर लांबवला : सात, हात, काम. पंजाबीनं सत्त, हत्थ, कम्म तसेच ठेवले. लांब स्वर आणि एकेरी व्यंजन, किंवा ऱ्हस्व स्वर आणि दुहेरी व्यंजन, तोलायला दोन्ही सारखेच. या भूमीवर ही अदलाबदल दोन हजार वर्षं चालू आहे. चादरची पंजाबीत चद्दर झाली, तेलुगूत चद्दरु झाली. सोलापूरच्या चद्दरमागेही हाच हिशेब आहे. त्याला अशुद्ध म्हणायचं तर 'सात'लाही म्हणावं लागेल.

दुसरं. दोन रूपं शेजारी शेजारी जगली की भाषा त्यांना कामं वाटून देते. इथे चादर पातळ झाली, चद्दर जाड राहिली. वडील हेच सांगत होते. आणि हे वाटप बाजारात झालं, मागावर झालं, चार भाषांच्या माणसांनी मिळून केलं. पूर्व भागात, म्हणजे आपल्या विणकरांच्या वस्तीत, त्याच मागांवर जेकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, चढलं. ते मूळचं ल्योंच्या एका फ्रेंच माणसाचं आडनाव. त्यानं १८०४ साली यंत्र केलं, आणि आता पूर्व भागातल्या पोरालाही जेकार्ड म्हणजे काय ते कळतं. परका शब्द आपला होतो तो असा, हाताखालून जाऊन.

तिसरं, आणि हे माझ्या अगदी जिव्हाळ्याचं. वस्तूचं नाव तिच्या गावाशी जोडणारा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. महाराष्ट्रातून त्याखाली सुरुवातीलाच ज्या वस्तू नोंदल्या गेल्या त्यांत आपली वस्तू आहे, आणि सरकारी नोंदवहीत तिचं नाव दोन 'द' घालून लिहिलंय. सोलापूर चद्दर. ज्या शब्दाला शाळेत अर्धा गुण कापला गेला तो कायद्यात जसाच्या तसा गेला. ती नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वडील नव्हते. मी ती त्यांच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचली.

तरी परगावच्या स्टेशनांवर सोलापुरी म्हणून भलतंच विकतात. एका दुकानात मी हातात घेऊन बघितलं. वजन नाही, वीण सैल, नक्षी छापलेली. पाटीवर 'सोलापुरी चादर' लिहिलेलं. मी त्या दुकानदाराला म्हटलं, तुमची पाटी निम्मी खरी आहे, ही चादर आहे.

वेळ संपली. एकच विनंती. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवलीय. तुमच्यात मागावर काम केलेली माणसं आहेत, त्यांच्या लेकी-सुना आहेत. मागावरच्या धोट्याला, भीमाला म्हणजे ताणा गुंडाळायच्या रुळाला, फणीला, चद्दरच्या काठाला, दशांना तुमच्या घरात जे म्हणत असतील ते लिहून जा. तेलुगूत लिहा, कन्नडमध्ये लिहा, उर्दूत लिहा, लिपी कुठलीही चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मला सांगा, मी लिहून घेतो. मी इथेच बसलोय, सभागृह बंद होईपर्यंत.