सगळ्यांचा श्वास वीस

नमस्कार मंडळी. मी एक रिटायर्ड सिस्टर, मुंबईच्या एका मोठ्या म्युनिसिपल हॉस्पिटलात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी मेडिसिन वॉर्डात. इथे बोलवलं तेव्हा म्हणाले रुग्णसेवेवर बोला. आता हा शब्द ऐकला की मला आधी १२ मे आठवतो, फ्लोरेन्स नाइटिंगेलचा वाढदिवस, म्हणजे आमचा नर्सेस डे, त्या दिवशी एक गुलाबाचं फूल, एक समोसा, आणि कोणीतरी येऊन त्याग, त्याग करून जातं. १३ मेला वॉर्डात परत आम्ही दोघीच.

तर त्यागावर नाही, मी श्वासावर बोलणार आहे.

पेशंटचा टीपीआर चार्ट असतो, टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. कुठल्याही भरलेल्या वॉर्डातले चार्ट काढून बघा, ताप प्रत्येकाचा वेगळा, पल्स वेगळी, आणि श्वास मात्र २०, २०, २०, मधेच एखादा १८ चवीपुरता. म्हातारा असो, पोरगा असो, धाप लागलेली असो, सगळे मिनिटाला बरोब्बर वीस, जसं काही पीटीचे सर शिट्टी वाजवतायत. आम्हाला माहितीये हे, डॉक्टरांनाही माहितीये, त्यामुळे त्या रकान्यावर कोणाची नजर थांबतच नाही.

का होतं असं? थर्मामीटर पीप करतो, पल्स बोटाला चिमटा लावला की दिसते. श्वास मात्र घड्याळ बघत, उभं राहून, पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो, आणि तोही पेशंटला कळू न देता, कारण कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. आमच्या ट्यूटर शिकवायच्या, नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, पेशंटला वाटू दे नाडीच चाललीये, नजर गुपचूप छातीवर.

आणि गंमत बघा, माणूस बिघडायला लागला की बऱ्याचदा पहिला हाच आकडा हलतो, बीपी पडायच्या कितीतरी आधी. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली एक स्कोअर काढला, नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, थोडक्यात न्यूज म्हणतात त्याला, पेशंट बिघडतोय हे वेळेत ओळखायला. त्यात श्वास २५ किंवा त्याच्या वर गेला की एकट्या श्वासाचेच ३ मार्क, बाकी सगळं ठीक असलं तरी पेशंट ताबडतोब तपासायचा.

आता माझीच गोष्ट सांगते. २००५ साल, २६ जुलैचा पूर येऊन गेला आणि ऑगस्टमध्ये लेप्टोचे, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचे पेशंट यायला लागले, पाण्यातून चालत घरी गेलेली माणसं सगळी. आमच्या वॉर्डात खाटा ४०, पेशंट सत्तरच्या वर, दोन खाटांच्या मधे खाली गाद्या, सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली, रात्री चालताना पाय कोणाच्या हातावर तर पडत नाही ना ते बघत चालायचं. नाईटला आम्ही दोघी आणि एक स्टुडंट. रात्री दोनच्या राऊंडला अठरा नंबरच्या पोराच्या चार्टवर मी श्वास २० लिहिला. मोजला नव्हता. पेन आपोआप चाललं.

चार वाजता ती स्टुडंट आली, सिस्टर, अठरा नंबरचा श्वास ३६ येतोय, दोनदा मोजला. मी खेकसले तिच्यावर, आधी जाऊन ती सलाईन बदल म्हटलं. ती गेली नाही, तशीच उभी राहिली. शेवटी उठून गेले तर पोरगा बसलेला, एक वाक्य धड पूर्ण होत नव्हतं, थुंकीत रक्त. लेप्टोने फुप्फुसात रक्तस्राव होतो कधी कधी, तेच. तिथून धावपळ, डॉक्टर, आयसीयू. पोरगा वाचला, दोन आठवड्यांनी घरी गेला. जाताना त्याच्या आईने पहिला पेढा मला दिला, त्या पोरीला नाही, कारण मोठी सिस्टर मी दिसत होते ना. मी घेतला.

आता हिशोब करा. एका पेशंटचा पूर्ण टीपीआर आणि बीपी नीट घ्यायचं तर ४ मिनिटं धरा, ७० पेशंट म्हणजे २८० मिनिटं, दोघींत वाटले तरी प्रत्येकीला दोन तास वीस मिनिटं, आणि हे एका राऊंडचं झालं, इंजेक्शनं, सलाईन, नवीन ॲडमिशन, बेडपॅन, रजिस्टर, नातेवाईकांची भांडणं सगळं वेगळं. मग कुठलं मिनिट कापलं जाणार? जे कापलेलं दिसत नाही ते. इंजेक्शन चुकलं तर बोंब होते, श्वास नाही मोजला तर कोणाला कळतं?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म आहे, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स, वर रजांसाठी ३० टक्के जास्तीच्या. कागदावर आहे हो. तिकडे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला, ऑपरेशनच्या पेशंटचा. एका नर्सवर एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असं निघालं. एक पेशंट वाढला तर!

यावर लोक मला म्हणतात, मनात असलं की सगळं होतं, केईएमच्या सिस्टरनी नाही का हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबागला सांभाळलं. सांभाळलंच. १९७३ ते २०१५, जवळजवळ ४२ वर्षं, आणि बेडसोर होऊ दिला नाही. मला त्याचा अभिमान आहे. पण ती आमच्यातलीच, एकच पेशंट, आणि तिच्यामागे नर्सेसच्या पिढ्या, एक बॅच रिटायर झाली की दुसरी. आमच्या वॉर्डात नेमकं उलटं असतं. तो दाखला देऊन जागा भरायचं टाळू नका, एवढंच म्हणते.

बरं, तुमचं कोणी ॲडमिट असेल तर खाटेशेजारी बसून मोबाईल बघतच असता ना, त्यातच सेकंद दिसतात. चादर एकदा वर गेली खाली आली की एक श्वास, पूर्ण मिनिट मोजायचं. मोठ्या माणसाचा शांत पडलेला असताना १२ ते २० ठीक, २५ किंवा त्याच्या वर गेला तर उठा. लहान मुलांचं वेगळं असतं, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४०, एवढे किंवा याच्या वर म्हणजे श्वास जलद चाललाय, आणि घरी असाल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. मूल रडत असताना मात्र मोजू नका.

आणि सिस्टरला जाऊन सांगताना त्यांना कसंतरी होतंय असं नका सांगू, ते आम्ही रात्रभरात पन्नास वेळा ऐकतो. आकडा सांगा, सिस्टर, श्वास ३२ आहे, दोनदा मोजलाय. ती खेकसेल कदाचित, तिचीही रात्र चाललेली असते. तिथून हलू नका.