वहीतले तास

(दृश्य : पहाटेचं स्वयंपाकघर. ओट्यावर शंभरपानी वही, दोऱ्याने बांधलेलं पेन.)

पावणेसहा. आजी उठल्या. चहाचं आधण ठेवायच्या आधी सूनबाईंनी वहीत वेळ टाकली. रकाने तीन : कधी, काय, किती मिनिटं. आजी ८१ वर्षांच्या. डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान होऊन पाच वर्षं झाली.

(दृश्य : आजींची बोटं, गाऊनची बटणं.)

पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलंय. सूनबाई हात पुढे करत नाहीत. "आई, वरून सुरू करू या का?" आजी बटण सोडवतात, पुन्हा लावतात. वहीत नोंद : कपडे, २२ मिनिटं. सूनबाईंनीच घातले असते तर चार मिनिटांचं काम. आजींच्या हातात जे उरलंय ते टिकावं, म्हणून वरची अठरा मिनिटं रोज जातात.

माणूस दुसऱ्यावर किती विसंबून आहे, हे मोजायच्या पट्ट्या तशा जुन्या. १९६५ साली अमेरिकेत आलेला बार्थेल निर्देशांक दहा गोष्टी विचारतो : जेवण, अंघोळ, कपडे, संडास, जिना वगैरे. गुण शंभरपैकी; जितके जास्त, तितकं विसंबणं कमी. आजी हाताने जेवतात, जिना भराभर चढतात, त्यामुळे त्यांना गुण भरपूर पडतात; विसर त्यात दिसत नाही. १९६९ची लॉटन आणि ब्रोडी यांची यादी फोन, खरेदी, स्वयंपाक, पैशांचे व्यवहार विचारते. पण आपल्याकडे सत्तरीतली बाई बाजारहाट करत नाही, याचा अर्थ तिला तो जमत नाही असा होत नाही. ते काम घरात दुसरं कुणी करतं, एवढंच.

म्हणून १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या खेड्यांत, लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी वेगळी प्रश्नावली बांधली गेली. जेवण झालेलं विसरून पुन्हा वाढायला सांगतात का? सण लक्षात राहतात का? दिलेला निरोप पोचवतात का? गावात वाट चुकतात का? सूनबाईंना आम्ही हे विचारलं, तेव्हा पहिल्या प्रश्नालाच त्या बोलत्या झाल्या.

(दृश्य : बाहेरचं दार. कडी चौकटीच्या अगदी वर.)

ही कडी गेल्या वर्षी वर गेली. संध्याकाळ झाली की आजींना माहेरी जायचं असतं.

कडीकडे लक्ष ठेवण्याचा वेळ कोणत्या खात्यावर टाकायचा? स्वीडनचे आंदेर्स विमो आणि सहकाऱ्यांची १९९८ची प्रश्नावली त्याला जागा देते. घरच्यांच्या वेळेची ती तीन खाती करते : अंघोळ-कपड्यांसारखी कामं, स्वयंपाक आणि व्यवहार, आणि निव्वळ लक्ष ठेवणं. या वहीत तिसरं खातं पहिल्या दोन्हींपेक्षा मोठं आहे.

तासांचे रुपये करायच्या वाटा दोन. एक, हेच काम पगारी बाईने केलं तर ती किती घेईल. दुसरी, सूनबाई या वेळेत बाहेर किती कमावत्या. दुसऱ्या हिशेबात कमावती नसलेल्या गृहिणीचं आयुष्य शून्यावर येतं. आम्हाला तो हिशेब मान्य नाही.

(दृश्य : औषधांच्या बिलांची फाइल, शेजारी वही.)

औषधांची बिलं फाइलला लागतात. वहीतल्या तासांची पावती कुणी फाडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालचा डिमेन्शियाचा जागतिक खर्च १.३ लाख कोटी डॉलर धरला. त्यातला साधारण निम्मा घरच्यांच्या बिनपगारी कामाचा, आणि त्या कामाचे ७० टक्के तास बायकांचे. भारतात साठीपुढचे अंदाजे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगतात. जर्मनीत काळजी-विमा आहे, म्हणजे दुसऱ्यावर विसंबलेल्यांच्या सांभाळासाठीचा विमा. तिथेही २०१७पर्यंत मदत ठरायची ती मुख्यतः शरीराच्या कामांच्या मिनिटांवर. आता स्मृती आणि वागणंही गुणांत धरतात. आपल्याकडे असा सरकारी विमाच नाही.

गोव्यात डिमेन्शियाचं माणूस घरी असलेल्या ८१ कुटुंबांबरोबर एक चाचणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. साधे प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जात, माहिती देत, ऐकून घेत. काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला.

सूनबाईंचा शिवणाचा क्लास दोन वर्षांपूर्वी बंद झाला.

(दृश्य : रात्र. घरच्या मोबाइलवरचं चित्रण. दाराशी उभ्या आजी, हातात पिशवी.)

वहीतली शेवटची ओळ : रात्री २.४०. दार. ५५ मिनिटं.