पिन गावाचा नव्हे, टपालाचा

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात सुर्ला नावाची गावं किती, सांगा पाहू. एक डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यातलं. दुसरं सत्तरीत, चोर्ला घाटाकडचं. तिसरं तांबडी सुर्ला, कदंबकालीन महादेव मंदिराचं. केरीचीही तीच गत: एक पेडण्यात समुद्रकाठी, एक सत्तरीत डोंगराखाली, एक फोंड्यात विजयादुर्गेची. त्यात जवळपास प्रत्येक गावाला आपापला देऊळवाडा, म्हणजे देवळाभोवतीची वस्ती! नुसतं ‘केरी, गोवा’ लिहिलेलं पत्र पोस्टमननं न्यायचं कुठं?

देशभर हाच घोळ होता. तो निस्तरायला 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा आकडी पिन कोड आला. तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि संस्कृतात काव्य करणारे. कवीनं पत्त्यात आकडे आणले, याची मला फार गंमत वाटते.

पहिला 4 आपल्याला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांच्या पंगतीत बसवतो. 403 म्हटलं की गोवा. पुढचे तीन आकडे बटवडा करणाऱ्या कार्यालयाचे: 403001 पणजी, 403601 मडगाव, 403506 वाळपई. आता नीट ऐका, हे आकडे कार्यालयाचे आहेत, गावाचे नव्हेत. देशात टपाल कार्यालयं दीड लाखाहून जास्त, आणि पिन साधारण 19 हजार. म्हणजे एकेका पिनखाली सरासरी आठ तरी कार्यालयं येतात, आणि त्या कार्यालयांखाली किती वाडे, ते तुम्हीच मोजा. त्यामुळे डोंगरातल्या वाड्याला तालुक्याच्या गावाचा पिन लागला, तर त्यात कमीपणा काही नाही.

याचा उत्तम दाखला हिमाचलात आहे. लाहौल-स्पिती हा एकच जिल्हा. पण लाहौलमधल्या केलाँगचा पिन 175132 आणि स्पितीतल्या काझाचा 172114. काझाचे पहिले तीन आकडे शेजारच्या किन्नौर जिल्ह्याशी जुळतात. कारण नकाशा पाहिला की कळतं. दोन खोऱ्यांच्या मधे साडेचार हजार मीटर उंचीची कुंझुम खिंड आहे, आणि हिवाळ्यात ती बर्फानं बंद होते. तेव्हा स्पितीला जायची वाट किन्नौरकडूनच. जिल्ह्याची हद्द एक सांगते, पिन दुसरंच. उंचावरच्या टपाल कार्यालयासाठी नाव कमावलेलं हिक्कीमही काझाच्याच पिनवर चालतं.

आपल्याकडे खरी अडचण पत्रांची राहिलेली नाही, पार्सलांची आहे. मोबाइलवर पिन टाकला की ‘इथे सेवा नाही’ असं उत्तर येतं, किंवा गावाच्या जागी आपोआप शहराचं नाव भरलं जातं. मग एखादी ग्रामसभा म्हणते, आम्हाला वेगळा पिन द्या. मला हा आग्रह पटत नाही. नवा आकडा मिळाला म्हणून कुरिअरवाला घाट चढेलच असं नाही. मागायचंच तर शाखा टपाल कार्यालय रोज उघडं राहावं आणि ग्रामीण डाक सेवक पुरेसे असावेत, हे मागा.

मे 2025 मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. देशाचे सुमारे चार मीटर गुणिले चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा संकेत दिला आहे. घराचा अक्षांश-रेखांशच म्हणा ना. रस्त्याचं नाव, घर क्रमांक नसलेल्या वाड्यांना तो उपयोगी पडेल. पण पिन कोड त्यानं रद्द झालेला नाही, दोन्ही चालतात.

तोवर अर्ज भरताना एवढं करा. आधी वाडा लिहा, मग गाव, मग ‘पो.’ लिहून ज्या कार्यालयातून तुमचं टपाल येतं त्याचं नाव, मग तालुका. पिन त्याच कार्यालयाचा घाला. शेजाऱ्याच्या आधार कार्डावरून उतरवू नका, तिथंच तो चुकलेला असायचा. शंका आली तर पोस्टमनलाच विचारा.

नमस्कार.