पडद्यावरच्या आज्या

(दृश्य : मोकळं कुरण, त्यात उभं केलेलं चाकांवरचं घर.)

अमेरिकेतलं आर्कान्सा राज्य, १९८० चं दशक. एका कोरियन कुटुंबातले नवरा-बायको हॅचरीत कोंबडीची पिल्लं निवडायचं काम करतात. नर एकीकडे, मादी दुसरीकडे. नर पिल्लं जाळून टाकतात, बाहेरच्या धुराड्यातून त्यांचा धूर निघत असतो. छोटा डेव्हिड विचारतो, तेव्हा बाप सरळ सांगतो : ते अंडी देत नाहीत, चवीलाही बरे नसतात. तेव्हा बाळा, आपण दोघांनी उपयोगी पडायला हवं.

या घरात कोरियाहून आजी येऊन दाखल होते. पिशवीत मिरचीपूड आणि सुकवलेल्या बारीक मासोळ्या. त्या बघून लेकीच्या डोळ्यांत पाणी येतं, नातू मात्र खट्टू. कारण ही आजी कुकीज करत नाही. शिव्या देत पत्ते खेळते आणि टीव्हीवर कुस्त्या बघत बसते. डेव्हिडच्या लेखी ही खरी आजीच नव्हे.

हा दिग्दर्शक ली आयझॅक चंग यांचा ‘मिनारी’ हा चित्रपट. २०२० साली तो अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. आजीचं काम करणाऱ्या यून यो-जंग यांना २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. अभिनयासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन कलाकार. या बाईंनी परदेश स्वतः अनुभवला होता. १९७० च्या दशकात लग्न करून त्या फ्लॉरिडाला गेल्या, १९८४ मध्ये मायदेशी परतल्या. पुढे घटस्फोट झाला, आणि मिळेल ती भूमिका घेत त्यांनी दोन मुलगे वाढवले. माझ्या आजीची नक्कल करू नका, असं चंग यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. सिनेमा तरला तो त्या मोकळिकीमुळे, असं मला वाटतं.

जाता जाता एक गंमत. डेन्व्हरमध्ये जन्मलेल्या दिग्दर्शकाने अमेरिकेत, अमेरिकी पैशाने केलेला हा चित्रपट ‘गोल्डन ग्लोब’ या अमेरिकी पुरस्कारवाल्यांनी परभाषिक गटात टाकला. संवाद निम्म्याहून जास्त कोरियनमध्ये, म्हणून! बरीच ओरड झाली आणि मग नियम बदलला.

स्थलांतरितांच्या कथांमध्ये आधी राज्य होतं आईचं. एमी टॅन यांची १९८९ ची कादंबरी ‘द जॉय लक क्लब’ आणि तिच्यावरचा १९९३ चा चित्रपट, दोन्हींत चिनी आया आणि त्यांच्या अमेरिकी मुली. गेल्या काही वर्षांत मात्र आजी पुढे सरकली आहे. आई-बापांशी वाद घालायला इंग्रजी चालते, आजीपाशी ती संपते. नातवंडांना मोडक्यातोडक्या भाषेत काम भागवावं लागतं, आणि कथेला जागा मिळते ती तिथे.

(दृश्य : चांगचुन शहर. इमारतींच्या रांगा, लग्नाचा हॉल.)

लूलू वँग यांचा ‘द फेअरवेल’, २०१९. ईशान्य चीनमधल्या चांगचुनमध्ये राहणाऱ्या आजीला फुप्फुसाचा कर्करोग झालाय. हे सगळ्या घराला ठाऊक, फक्त आजीला नाही. न्यूयॉर्कहून, जपानहून मंडळी जमतात. निमित्त एका नातवाच्या घाईघाईने ठरवलेल्या लग्नाचं. न्यूयॉर्कची नात बिली चिडलेली : माणसाला त्याचं मरण सांगायचं नाही? काका तिला ऐकवतात की तुम्हा लोकांना आयुष्य एकट्याचं वाटतं. इथे ते सगळ्यांचं असतं, म्हणून हे ओझं तिच्याऐवजी आम्ही उचलतोय.

आणि आजी? ती लग्नाचा कारभार हाती घेऊन बसलीय. मेजवानीला लॉबस्टर सांगितला होता, खेकडा कुठून आला, म्हणून हॉलवाल्यांशी हुज्जत घालतेय. पुढे कळतं की नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात तिनेही त्याच्याशी असंच खोटं बोलून निभावून नेलं होतं. म्हणजे या खेळात ती कुणाहून कच्ची नाही.

कथा वँग यांच्या घरातली. त्यांच्या सख्ख्या आजीच्या बहिणीने चित्रपटात स्वतःचंच काम केलंय. निदानानंतर सहा वर्षं उलटली तरी खरी आजी ठणठणीत होती. चित्रपटाच्या शेवटी ती दिसते.

आता जपान. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला, आणि लाखो कोरियन माणसं जपानात पोचली. मिन जिन ली यांची ‘पचिंको’ ही २०१७ ची कादंबरी त्यातल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्यांची. मधोमध आहे सुंजा, बुसानजवळच्या खाणावळवालीची पोर. तिचा नातू सोलोमन जपानातच जन्मला, पण चौदाव्या वाढदिवशी त्याला सरकारी कचेरीत परकीय म्हणून नोंद करावी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात. हा प्रकार कल्पित नव्हे, तसा कायदाच होता.

यावरून २०२२ मध्ये मालिका निघाली. तिच्यात सबटायटलना रंग आहेत : कोरियन बोलणं पिवळं, जपानी निळं. सोलोमन एकाच वाक्यात भाषा बदलतो तेव्हा ओळीचा रंगही अर्ध्यावर बदलतो. पण मला खिळवून ठेवलं ते भाताने. सुंजाचं लग्न होतं तेव्हा कोरियात पिकलेला पांढरा तांदूळ कोरियन माणसाच्याच ताटात पडत नाही. लेक उद्या जपानला जाणार, एकदा तरी आपल्या मातीचा भात खाऊन जाऊ दे, म्हणून आई दुकानदाराची मनधरणी करून मूठ-दोन मूठ तांदूळ मिळवते. मग दाणे धुणं, शिजवणं, वाढणं. कॅमेरा सगळं सावकाश बघतो. १९८९ च्या टोकियोत म्हातारी सुंजा एका घरी जेवायला बसते. पहिल्याच घासाला ओळखते, हा आपल्याकडचा तांदूळ. म्हाताऱ्या सुंजाचं काम पुन्हा यून यो-जंग यांचंच.

आता जरा तक्रार. या लाटेत काही नुसत्या सुगंधी आज्याही आल्या. हसायचं, वाढायचं, आशीर्वाद द्यायचा आणि तिसऱ्या अंकात मरायचं. बाकी बाईला काही काम नाही. त्यावर उतारा म्हणून शॉन वँग यांचा छोटा माहितीपट बघावा, ‘नाय नाय अँड वाय पो’. आईची आई आणि वडिलांची आई, दोघी कॅलिफोर्नियात एकाच घरात राहतात, एकाच पलंगावर झोपतात. नाचतात, पंजा लढवतात, एकमेकींना टोमणे मारतात. २०२४ च्या ऑस्कर नामांकनांत तो होता.

त्याच वर्षीचा थायलंडचा ‘हाऊ टू मेक मिलियन्स बिफोर ग्रँडमा डाइज’ तर थेट इस्टेटीवर बोट ठेवतो. बँकॉकमधलं चिनी वंशाचं कुटुंब. आजी पहाटे उठून तांदळाची पेज विकते. तिला कर्करोग झाल्याचं कळताच बेकार नातू सेवेला हजर, घर आपल्या नावावर व्हावं म्हणून! पुढे त्याला लळा लागतो, हे कुणीही ओळखेल. ओळखता येत नाही ती पुढची मेख. आजीने स्वतः तरुणपणी आईबापांना सांभाळलं होतं, आणि वारसा गेला भावाकडे. आता घर द्यायची पाळी तिची येते, तेव्हा तेही जातं उधळ्या धाकट्या मुलाकडे. रोज खपणाऱ्या लेकीच्या वाट्याला आजारपणंच.

हिंदीतल्या ‘रेत समाधि’ची ऐंशी वर्षांची नायिका नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. उठते ती थेट पाकिस्तानात पोचते, व्हिसाची पर्वा न करता. गीतांजली श्री यांच्या या कादंबरीला डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादामुळे २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं.

(दृश्य : विमानतळावरची आगमनाची पाटी.)

अँग ली यांनी १९९३ मध्ये ‘द वेडिंग बँक्वेट’ केला. समलिंगी मुलाने न्यूयॉर्कमध्ये खोटं लग्न मांडलेलं, आणि ते बघायला तैवानहून आई-वडील येतात. वडिलांना इंग्रजी कळतं, त्यामुळे सगळंच कळतं, पण घरच्यांना ते शेवटपर्यंत तसं दाखवत नाहीत. २०२५ मध्ये अँड्र्यू आन यांनी तोच चित्रपट नव्याने केला. गाव सिएटल, मुलगा कोरियन, आणि आई-वडिलांच्या जागी विमानातून उतरते एकटी आजी. काम अर्थात यून यो-जंग यांचं. हे लग्न खोटं आहे, हे ओळखायला तिला फारसा वेळ लागत नाही.