शंभरातून सात वजा करायला लावणारी परीक्षा

(सोलापुरातल्या एका व्याख्यानमालेत मेंदूविकारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची कार्यकारिणी आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्मृतिभ्रंश : नवे उपचार’. उपचारांकडे मी येणारच आहे. पण आधी निदानाबद्दल बोलू द्या. आजार नसलेल्या माणसाला औषध सुरू होतं आणि आजार असलेला माणूस ‘सगळं ठीक आहे’ असा शेरा घेऊन घरी जातो, हे दोन्ही प्रकार माझ्या ओपीडीत नेहमी येतात. बरेचदा दोन्हींच्या फाइलमध्ये कागद एकच असतो. तीस गुणांची परीक्षा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्यांनी ती पाहिली असेल. मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी तयार केलेली. आजची तारीख सांगा, साल सांगा, आपण कितव्या मजल्यावर आहोत ते सांगा. मी सांगतो ते तीन शब्द लक्षात ठेवा. शंभरातून सात वजा करा, उरले त्यातून परत सात. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून तसेच काढा. दहा मिनिटांत आकडा हातात येतो. परीक्षा चांगली आहे, मीही वापरतो. माझं भांडण आहे ते आकडा आला की माणसाकडे बघणं थांबतं त्याच्याशी.

आता एक हकिगत सांगतो, जरा सविस्तर.

आपल्या पूर्व भागातल्या एक आजी. सत्तरी ओलांडलेल्या. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, शेजारणीशी कानडी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आयुष्य विड्या वळण्यात गेलं. सून त्यांना घेऊन आली, हातात जाडजूड फाइल. एका ठिकाणी तपासून झालं होतं, तीसपैकी तेरा गुण पडले होते आणि खाली लिहिलं होतं, मध्यम स्वरूपाचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. त्यावरची डोनेपेझिलची गोळी सुरू केलेली. गोळी लागू झाल्यापासून आजींना गरगरायला लागलं आणि एका सकाळी नळावर पाणी भरताना त्या पडल्या. मी नाडी धरली, मिनिटाला चव्वेचाळीस ठोके. ही गोळी मेंदूत ॲसिटिलकोलीन वाढवते आणि तेच रसायन हृदयाचा वेग कमी करतं. ज्यांना गरज आहे त्यांना ती देताना आम्ही आधी ईसीजी बघतो तो यासाठीच.

मी विचार केला, तीसातले सतरा गुण गेले कुठे? जुना कागद काढून बसलो. वाचण्याचा एक, वाक्य लिहिण्याचा एक, पंचकोनाचा एक, सातच्या वजाबाकीचे पाच. झाले आठ, आणि हे आठ शाळेत न गेल्याचे. तारीख, महिना, साल, राज्य आणि मजला, हे पाच. उरलेले चार त्या तीन शब्दांपायी गेले होते. ते शब्द आजींना नीट ऐकूच आले नव्हते, हे मला नंतर कळलं.

मी खुर्ची जवळ ओढली, मोठ्याने विचारलं, “आजी, सण कुठला जवळ आलाय?”

“भोगीला दोन दिस राह्यले की. गड्ड्यात पाळणे बी लागले.”

जानेवारीची अकरा तारीख होती. तारीख विचारल्यावर त्यांचा गुण गेला असता. पण बाई काळात हरवलेल्या नव्हत्या, त्यांचं कॅलेंडर गड्ड्यावर, म्हणजे सिद्धरामेश्वराच्या यात्रेवर चालतं. मग हिशोब घातला. “आजी, हजार विड्या वळून दिल्या. मालकानं पन्नास छाटल्या. कट्टे किती बांधायचे?” पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मी मनात भागाकार करतोय तोवर आजी म्हणाल्या, “अडतीस. पर पन्नासच छाटतेत व्हय? चांगल्या बी काढून ठेवतेत.” (हशा) हसा, पण यात गणित आहे, लक्ष आहे आणि जुन्या अन्यायाची स्मृतीसुद्धा शाबूत आहे! धाकट्या नातीच्या लग्नात आहेर कुणी काय केला ते त्यांनी मला क्रमाने सांगितलं. सून मधूनमधून मान डोलवत होती.

कानांची तपासणी केली. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. सुनेची मूळ तक्रार काय होती? ‘एकदा सांगितलेलं ध्यानात राहत नाही, हाक मारली तर बघतच बसतात.’ गोळी बंद केली, नाडी ताळ्यावर आली, श्रवणयंत्र लागलं. यंत्र लावून घ्यायला आजींनी खूप कुरकुर केली. ती कुरकुर ऐकून मला बरं वाटलं.

आता या सभागृहाची परीक्षा घेतो. आज तिथी कोणती? मोबाइल खिशातच राहू द्या. (शांतता) मागच्या रांगेतल्या त्या आजींनी बरोबर सांगितलं, बाकी सगळे गप्प. आजींच्या हातात पेन्सिल आणि गुणपत्रिका दिली असती, तर या सभागृहातले पदवीधर आज औषध घेऊनच घरी गेले असते.

याच्या उलटी हकिगत एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची. तीसपैकी एकोणतीस. सातची वजाबाकी मी थांबा म्हणालो तरी चालूच, पार दोनपर्यंत उतरले. शक संवतासकट तारीख सांगितली. मुलगा म्हणाला, बघा, बाबांना काही झालेलं नाही, आई उगीच काळजी करते. काकू काहीच बोलल्या नाहीत. मी सहज विचारलं, “काका, दिवाळीला कोण कोण आलं होतं?” काकांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. “काल जेवायला काय होतं?” पुन्हा मान काकूंकडे. या मान वळवण्याला आमच्या शास्त्रात लक्षण मानतात. प्रश्नाला लागणारी स्मृती स्वतःकडे सापडत नाही तेव्हा माणूस ती जोडीदाराकडे शोधतो.

काकूंना वेगळं बसवून बोलतं केलं. आख्ख्या गल्लीचे इन्कम टॅक्सचे फॉर्म भरणारा हा माणूस, दोन वर्षं स्वतःचा फॉर्म भरत नव्हता. विजेचं बिल दोनदा भरलं जायचं. एका संध्याकाळी सात रस्त्यावरून घरी यायला निघाले आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगता येईना. मी काकांना चार ओळींची एक गोष्ट सांगितली. लगेच विचारली तर छान सांगितली. अर्ध्या तासाने विचारलं तर ते म्हणाले, कुठली गोष्ट? तपशील विसरणं निराळं, आणि कुणी गोष्ट सांगितली होती हेच पुसलं जाणं निराळं. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी रुजवणारा भाग, दोन्ही बाजूंनी आक्रसलेला दिसला. अल्झायमर, स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार. शिक्षण आणि नोकरीने कमावलेली शिदोरी इतकी मोठी, की त्या तीस गुणांना आजार दिसलाच नाही.

म्हणून मला सांगायचंय ते एवढंच. माणसाची तुलना त्याच्याच दहा वर्षांपूर्वीच्या रूपाशी करा. आधी काय जमत होतं, आता काय सुटलं? आणि हे सांगू शकते ती त्याच्याबरोबर राहणारी व्यक्ती. ती व्यक्ती बहुतेक वेळा सून किंवा बायको असते, आणि डॉक्टरसमोर बोलायची संधी मिळते मुलाला. हे बदलायला हवं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या डॉक्टर अल्झायमर यांची मूळ केस आठवा. १९०१चा नोव्हेंबर, फ्रँकफर्ट. एक्कावन्न वर्षांच्या आउगुस्टे बाईंना नवऱ्याने रुग्णालयात आणलं. त्याची पहिली तक्रार काय होती? ती माझ्यावर विनाकारण संशय घेते. विसरण्याचा मुद्दा नंतर आला. घरच्या माणसाला आधी स्वभाव बदललेला दिसला होता. अल्झायमर त्यांच्यापाशी बसले आणि प्रश्न-उत्तरं शब्दशः लिहून ठेवली. बाई फ्लॉवर आणि डुकराचं मांस खातायत. काय खाताय? म्हणाल्या, पालक. नाव लिहायला सांगितलं तर ‘सौभाग्यवती’ एवढं लिहून अडकल्या, पुढचं सुचेना. मी स्वतःला हरवून बसले, असं त्या म्हणत. १९०६ साली त्या वारल्या, अल्झायमरनी मेंदू तपासला आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत निबंध वाचला. सभेत एकाही माणसाने प्रश्न विचारला नाही! आज तुम्ही तसं करू नका. ती मूळ फाइल हरवली असंच सगळे धरून चालले होते, १९९५ साली ती फ्रँकफर्टमध्ये सापडली, म्हणून हे संवाद आपल्याला वाचायला मिळतात. त्या फाइलमध्ये गुणांचा आकडा नाही. एका बाईचं बोलणं आहे.

आपल्याकडेही हे काम झालंय आणि त्याचा आपल्याला पत्ता नसतो, हे मला फार लागतं. हरियाणातल्या बल्लभगढला नव्वदच्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी ही परीक्षा निरक्षर खेडुतांसाठी हिंदीत नव्याने बांधली. त्याबरोबर घरच्यांना विचारायची रोजच्या व्यवहाराची प्रश्नावली केली. जेवल्याचं विसरून परत जेवण मागतात का? गावातच वाट चुकतात का? सण कसा साजरा करायचा ते कळतं का? किती साधे प्रश्न, आणि किती नेमके. अलीकडे साठीच्या पुढच्यांची देशभर पाहणी झाली. तिच्यातून १०० मागे ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज निघाला. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. त्या पाहणीतही परीक्षेच्या गुणांबरोबर घरच्यांचं म्हणणं जमेला धरलेलं आहे.

आणि सोलापूरकरांसाठी एक. हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ६४८ रुग्णांचा अभ्यास छापला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा अनेक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली आढळली. निरक्षरांतही. तीन भाषांत भांडू शकणारी आपली पूर्व भागातली आजी त्या परीक्षेत ‘अशिक्षित’ ठरते, आणि या अभ्यासात...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली आहेत. मग उपचार भराभर सांगतो, जमेल तेवढं टिपून घ्या.

पहिलं, दुरुस्त होणारी कारणं. बी-१२ची कमतरता, विशेषतः पक्के शाकाहारी असाल तर. थायरॉइड. नैराश्य. यातला माणूस स्वतः येऊन सांगतो, माझं डोकं चालत नाही. अल्झायमरचा माणूस सांगतो, मला काही झालेलं नाही, हिलाच काहीतरी वाटतंय. पडल्यानंतर काही आठवड्यांनी डोक्यात साचलेलं रक्त. मेंदूतलं पाणी वाढणं, ज्यात चाल जमिनीला चिकटल्यासारखी होते आणि लघवीवर ताबा राहत नाही. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या, हात थरथरतो म्हणून वर्षानुवर्षं चालू ठेवलेली ट्रायहेक्सिफेनिडिल. म्हणून येताना औषधांची पिशवी घेऊन या, सगळी, आयुर्वेदिकसुद्धा.

दुसरं, जुनी औषधं. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन (याची पट्टीही मिळते), मेमँटीन. आजार थांबत नाही. काही जणांचा दिवस काही काळ बरा जातो. तेवढंही मोलाचं आहे, पण नाडी बघून.

तिसरं, नवी इंजेक्शनं. लेकानेमॅब, डोनानेमॅब. मेंदूत साठलेलं ॲमिलॉइड नावाचं प्रथिन ही काढून टाकतात, ते खरंच निघतं. लेकानेमॅबच्या चाचणीत अठरा महिन्यांत ऱ्हास २७ टक्के कमी झाला, असं तुम्ही पेपरात वाचलंत. तोच फरक १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा आहे, हेही वाचा. लेकानेमॅब सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचं, वारंवार एमआरआय करायचं, कारण मेंदूला सूज येऊ शकते, सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, आणि निदान पक्कं असेल तर. आता कळलं ना मी निदानावर इतका वेळ का घेतला? त्या तेरा गुणांच्या आजींना उद्या कुणी हे इंजेक्शन लिहून दिलं तर?

चौथं, टाळता येण्याजोगं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली चौदा घटक सांगितलेत. ते सगळे सुधारले तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणं, डोक्याला मार, एकटेपण, प्रदूषण, आणि शिक्षण न मिळणं. मुलीला शाळेत घालणं हाही स्मृतिभ्रंशावरचा उपाय आहे. दुचाकीवर हेल्मेट घाला, रक्तदाबाची गोळी बंद करू नका, कान तपासून घ्या.

पाचवं, सांभाळणाऱ्यांसाठी. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर दहाव्यांदाच उत्तर द्या, ‘आत्ताच सांगितलं’ म्हणू नका, कारण त्यांच्यासाठी तो पहिलाच असतो. वाद घालू नका. गॅसचा मुख्य कॉक बंद ठेवा. खिशात फोन नंबरची चिठ्ठी असू द्या. बँक, मृत्युपत्र हे सगळं निर्णय घेता येतायत तोवर त्यांच्याच हातून करून घ्या. आणि एकट्या सुनेवर चोवीस तास टाकू नका. आठवड्यातला एक दिवस लेकाने घ्यायचाच.

एक अगदी महत्त्वाचं राहतंय, हे सांगितल्याशिवाय बसणार नाही. घरात नसलेली मुलं, प्राणी स्पष्ट दिसतायत, चाल मंदावलीय, झोपेत हातपाय झाडतायत, असं असेल तर तो लेवी बॉडीचा आजार, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आणखी एक प्रकार, असू शकतो. अशा माणसाला रात्री आरडाओरडा करतो म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं, तर शरीर ताठरून जिवावर बेतू शकतं. रुग्णालयात नेलंत तर हे आधी डॉक्टरांना सांगा, शक्य असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

घंटा झाली. प्रश्न विचारा. तिसऱ्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, आधी त्या.