चौरंगावर परात आणि दारावरचं काजळ

नमस्कार श्रोतेहो.

शाळेत इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा, तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल कोणत्या साली जिंकलं, उत्तर १४५३, एक मार्क. लगेच पुढचा, खुष्कीचा मार्ग बंद झाल्यावर युरोपातल्या लोकांनी काय केलं, दोन मार्क. की निघालो आपण वास्को द गामाच्या मागं थेट कालिकतला, आणि ते शहर राहिलं तिथंच. त्याच्या आधी तिथं हजार वर्षं कोण राहत होतं, नंतर काय झालं, कुणी विचारलं नाही आणि आपणही नाही. तर ते शहर म्हणजे आजचं इस्तंबूल, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मी तिथं जाऊन आले. सोबत माझी आत्या, वय वर्षं ७४, आणि पुण्या-नाशकाकडची मिळून आम्ही अठरा माणसं.

आज तुम्हाला दोन इमारती दाखवायच्यात. दोनच. एक बायझंटाईन, म्हणजे तुर्क यायच्या आधीच्या काळातली, एक ऑटोमन, म्हणजे तुर्कांच्या राज्यातली. मध्ये हजार वर्षांचं अंतर, पण दोघींचा प्रश्न एकच आहे, चौकोनावर गोल कसा ठेवायचा? एवढं वाक्य धरून ठेवा. चौकोनावर गोल.

सत्यनारायणाला काढतो तो चौरंग डोळ्यापुढे आणा. त्याच्यावर बरोबर तेवढ्याच रुंदीची परात पालथी घाला. चार बाजूंना परात टेकते आणि चार कोपरे उघडे राहतात, हो की नाही? आता चौरंगाची फळी मनातल्या मनात काढून टाका, नुसते चार पाय आणि चार कडा. कोपऱ्यांचं काय करायचं मग? आयासोफ्या, म्हणजे आपली पहिली इमारत, ती बांधणाऱ्यांनी कडांच्या जागी चार मोठ्या कमानी घेतल्या आणि कोपऱ्यांत, कमान आणि कमान यांच्या मधे, आतल्या अंगाला वाकलेले त्रिकोण भरत वर आणले, आणि ते चार त्रिकोण वर जाऊन एकमेकांना भेटतात तिथं आपोआप गोल तयार होतो. त्याला पेंडेंटिव्ह म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, कोपरा विसरू नका. विजापूरला शाळेच्या सहलीत गोलघुमट बघितला असेल, तिथंही चौकोनावर गोलच आहे, पण तिथल्या कारागिरांनी एकमेकांना छेदणाऱ्या कमानींनी उत्तर काढलं. परत कधी गेलात तर आवाज घुमवून झाला की एकदा कोपऱ्यांकडे बघा.

आयासोफ्या, म्हणजे हागिया सोफिया, तिथले लोक आयासोफ्याच म्हणतात. सम्राट जस्टिनियनचं चर्च, ५३२ साली काम सुरू झालं आणि ५३७ साली संपलं. सहा वर्षंसुद्धा नाहीत! अँथेमियस आणि इसिडोर अशा दोघांनी ते उभं केलं, दोघंही भूमितीतली माणसं. घुमट साधारण ३१ मीटर रुंद, जमिनीपासून ५५ मीटर वर. पण परातीचं वजन नुसतं खाली येत नाही, ते बाहेरही ढकलतं. शिडी भिंतीला लावली की खालून पाय सरकायला बघतो आणि कुणीतरी तो अडवून उभं राहतं ना, तसं. पूर्व-पश्चिमेला दोन अर्धे घुमट असे पाय अडवून उभे आहेत. उत्तर-दक्षिणेला ते नाहीत, आणि दुखणं तिथलंच आहे. भूकंपांनी खिळखिळा झालेला पहिला घुमट ५५८ साली खाली आला. मग इसिडोरच्याच पुतण्यानं तो जवळजवळ सहा मीटर उंच करून परत बांधला, कारण घुमट जेवढा उभट तेवढा बाहेर कमी ढकलतो. पुढेही दोनदा, दहाव्या शतकात आणि चौदाव्या, त्याचे भाग पडले आणि परत बांधले. आपण ज्या छताखाली उभे राहतो ते असं ठिगळं लावत लावत टिकलंय, आणि मला त्यामुळे ते जास्त जवळचं वाटतं.

वरती घुमटाच्या बुडाशी ४० खिडक्या आहेत. ऊन आलं की घुमट कशाला टेकलेलाच नाही असं दिसतं. प्रोकोपियस नावाच्या त्या काळच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की सोन्याच्या साखळीनं आभाळातून टांगल्यासारखा वाटतो. मी वर बघत उभी राहिले तेव्हा मलाही टेकण्याची जागा सापडेना.

तुर्क आल्यावर ह्या चर्चची मशीद झाली, १९३४ मध्ये त्याचं म्युझियम करायचं ठरलं होतं, २०२० पासून तिथं परत नमाज होतो. त्यामुळे परदेशी पाहुण्यांनी वरच्या सज्ज्यात जायचं, पंचवीस युरो तिकीट, आणि वर जायला जिना नाही, दगडी उतार आहे वळणावळणाचा. आत्या गुडघ्यावर हात ठेवत म्हणाली, घाट चढतोय गं आपण.

इथं एक बोलते, कारण तिकडे माझा जीव जळला. आमच्या वेळापत्रकात आयासोफ्याला पाऊण तास होता आणि गालिच्याच्या दुकानाला दोन तास. गालिचे सुंदर असतात, विणणाऱ्यांचा मान आहेच, पण दीड हजार वर्षं उभ्या असलेल्या घुमटाखाली माणसाला मान वर करून नीट दमायलाही वेळ मिळू नये? टूर बुक करताना ठिकाणांची यादी बघू नका, प्रत्येक ठिकाणी किती वेळ ते विचारा. मी परत सांगते, किती ठिकाणं नाही, किती वेळ.

बरं. आता दुसरी इमारत, आणि ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज इथं बसलेय.

सुलेमानिये मशीद. सुलतान सुलेमानसाठी त्याचा वास्तुकार मिमार सिनान यानं बांधली, १५५० ला सुरुवात आणि १५५७ मध्ये तयार. टेकडीवर आहे, खाली गोल्डन हॉर्नची खाडी. चार मिनार, त्यांना मिळून दहा सज्जे, कारण इस्तंबूलवर राज्य करणारा सुलेमान चौथा आणि ऑटोमन घराण्यातला दहावा, असं तिथं सांगतात. दारात बायकांना डोक्यावर घ्यायला स्कार्फ देतात. आत्यानं नुसता पदर डोक्यावर घेतला, तिथल्या माणसानं हसून मान डोलावली आणि तिला आत सोडलं. चपला पिशवीत, पायाखाली गालिचा, आणि वर तोच घुमट. म्हणजे तोच प्रश्न, चौकोनावर गोल, मागे-पुढे तेच दोन अर्धे घुमट.

आमची गाइड तिथलीच, चाळिशीची, इंग्रजी छान बोलायची. आत्याला इंग्रजी फारसं येत नाही, तर मी शेजारी उभी राहून कानात मराठी करत होते. गाइड आत्याला तेयझे म्हणायची, म्हणजे मावशी, तिकडे वयस्कर बाईला तसंच म्हणतात. आत्याला कळल्यावर तिनं लगेच दुरुस्त केलं, मावशी नाही, मी हिच्या वडलांची बहीण. मग गाइड म्हणाली, अच्छा, हाला! तिकडे आत्याला हाला म्हणतात. तेव्हापासून दिवसभर हाला.

तर गाइडनं सगळ्यांना विचारलं, इथं विजेच्या आधी शेकडो तेलाचे दिवे जळायचे, मग त्यांचा धूर गेला कुठं? घुमट काळा का नाही झाला? आमच्यातला एकजण म्हणाला खिडक्यांतून, एक म्हणाला दरवर्षी रंग देत असतील. मी अजून प्रश्नाचं मराठी करतेय तेवढ्यात आत्यानं दिव्यांकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि म्हणाली, "काजळ धरलं असणार."

मी ते इंग्रजीत सांगितलं. गाइड गप्पच झाली. मग तिनं विचारलं, ह्यांना कुणी आधी सांगितलं का? कारण उत्तर खरंच तेच होतं. सिनाननं आतली हवा अशी खेळवली की दिव्यांचा धूर मुख्य दरवाजाच्या वरच्या बाजूला ओढला जायचा, तिथल्या खोलीत काजळी बसायची, आणि त्या काजळीची शाई व्हायची. काजळीला तुर्कीत इस म्हणतात, त्या खोलीला काजळीची खोली असंच नाव आहे. तिथले गाइड ही गोष्ट मोठ्या अभिमानानं शेवटी सांगतात, लोकांना थक्क करायला, आणि आमच्या आत्यानं ती सुरुवातीलाच सांगून टाकली.

गाइडनं विचारलं, हाला, तुम्हाला कसं कळलं? आत्या म्हणाली, त्यात काय कळायचं, घरात बाळ झालं की आम्ही धरतोच की काजळ. आणि मग तिनं तिथंच हातांनी दाखवलं. ही पणती. ह्या दोन वाट्या. त्यावर हे तांब्याचं ताम्हन पालथं. आणि म्हणाली, पण ताम्हन गच्च नाही बसवायचं हं, एका अंगाला फट ठेवायची. गच्च बसवलं तर ज्योत गुदमरते आणि फार उघडं ठेवलं तर काजळ वाऱ्यावर जातं. फट हवी. मी ते सांगितल्यावर गाइड तिचा हात धरून तिला दाराच्या दिशेला घेऊन गेली, वर बोट करून म्हणाली, सिनाननं तेच केलं, हवेला वाट ठेवली. आत्या म्हणाली, फट ठेवली म्हण. गाइड म्हणाली, फट्. दोनदा तीनदा म्हणून बघितलं तिनं. फट्, फट्. ट वर फार जोर द्यायची.

मला वाटलं झालं आता. पण आत्या हलेना. तिनं विचारलं, "खरवडायला कोण जायचं?"

गाइडनं मला परत विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, त्या खोलीतली काजळी खरवडायचं काम कोणाचं होतं असं विचारतायत. गाइड म्हणाली, मी चौदा वर्षं हे काम करतेय, किती शाई निघायची हे सगळे विचारतात, खरवडणाऱ्याचं आजपर्यंत कुणी विचारलं नाही.

आणि मग आत्यानं जे सांगितलं ते मलाही नवीन होतं, तिची सख्खी भाची असून. तिचे आजोबा पोथ्या उतरवून द्यायचे. गावातल्या जुन्या पोथ्या जीर्ण झाल्या की हातानं नवीन लिहून. शाई घरीच, काजळ, डिंक आणि पाणी, खलात घोटून घोटून, जितकं घोटाल तितकी शाई कागद सोडत नाही. आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल, आणि ताम्हनाची काजळी खरवडायचं काम तिचं, कारण बोटं बारीक आणि आजोबांचा हात कापायचा. सांडली तर बोलणी बसायची. काळे झालेले हात राखेनं धुवायचे. पोथीवर आजोबांचं नाव यायचं, "लेखनसीमा" म्हणून शेवटी. ती म्हणाली, माझं कुठं यायचं नाही, यायचं कारणही नव्हतं, पण अक्षरात मी आहे ना.

गाइडनं हळूच विचारलं, शाईत काय काय म्हणालात? काजळ, डिंक, पाणी. ती म्हणाली, आमच्याकडेही तेच. काजळी, बाभळीच्या जातीचा डिंक, पाणी. आणि त्या दोघी तिथं दाराशी उभ्या, हातात हात, एकीला दुसरीची भाषा येत नाही, आणि बाकीची सोळा माणसं शांत उभी. कुणी फोनसुद्धा काढला नाही. मला त्याचं फार बरं वाटलं, मी म्हणतेच, प्रत्येक क्षणाचा फोटो घ्यायलाच हवा असं नाही, डोळ्यांनी बघितलेलं जास्त टिकतं.

तेव्हापासून मी सुलेमानियेच्या भिंतींकडे बघायला लागले, कारण त्यातही असं लपवलेलं खूप आहे. आयासोफ्याला बाहेरून जे मोठे टेकू दिसतात, त्यातले काही तर सिनाननंच १५७० च्या दशकात बळकट केलेत, तेच टेकू सुलेमानियेला त्यानं भिंतीच्या जाडीत घालून टाकले, थोडे आत थोडे बाहेर, आणि पुढे सज्जे आणि कमानी अशा घेतल्या की टेकू आहेत हे कळतच नाही. अनातोलियातल्या कायसेरीजवळच्या ख्रिस्ती घरात जन्मलेला मुलगा, सुलतानाच्या सैन्यात नेला गेला, पूल बांधता बांधता शिकला आणि जवळजवळ पन्नास वर्षं राज्याचा मुख्य वास्तुकार राहिला. रोज त्याच्या डोळ्यासमोर हजार वर्षांपूर्वीचं ते चर्च होतं. त्यानं ते पाडलं नाही, त्याची नक्कलही केली नाही, त्याला टेकू दिला आणि टेकडीवर आपलं उत्तर बांधलं. मला तरी हे दोन धर्मांच्या भांडणापेक्षा गुरु-शिष्यासारखं दिसतं. चौकोनावर गोल, एकानं मांडलं, दुसऱ्यानं पुढे सोडवलं.

मशिदीच्या भोवती मदरसे, दवाखाना, हमाम, आणि गरिबांसाठी नि वाटसरूंसाठी मोठं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराला तुर्कीत इमारेत म्हणतात. शब्द ऐकला का? आपली इमारत! आणि मिमार म्हणजे वास्तुकार, तोही त्याच मुळातला अरबी शब्द. मी आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, मग बरोबर आहे, जिथं चूल पेटते ती इमारत.

तिथंच आवाराच्या बाहेर, दोन रस्ते मिळतात त्या टोकावर सिनानची कबर आहे. १५८८ मध्ये गेला. सुलतानाची कबर मशिदीच्या मागे, मोठी, घुमटाची, आणि ह्याची एवढीशी, त्रिकोणी तुकड्यात, टोकाला एक पाणपोई. आत्या तिथं थोडा वेळ थांबली. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, कोपरा.

वेळ संपत आलीय, खुणा करतायत मला काचेपलीकडून. जमिनीखालचं ते ३३६ खांबांचं पाण्याचं टाकं राहिलं, त्यातली मेदुसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या राक्षसिणीची, एक उलटं आणि एक आडवं ठेवलेली मुंडकी राहिली, कारिये नावाच्या जुन्या चर्चमधलं मोझेइक राहिलं, ते पुढच्या वेळी. कुणी जाणार असाल तर सुलेमानियेला तिकीट नाही, शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका, नमाजाच्या वेळा बघून जा, आणि घरातलं वडीलधारं माणूस सोबत न्या. उतार हळूहळू चढता येतो.

नमस्कार.