उजेड नेमका कुठे पडतो?

नमस्कार श्रोतेहो. घराला रंग काढायचा ठरला की भिंतीच्या छटेवर आठवडाभर खल होतो. दिव्यांचा विषय मात्र वायरमन दारात आला की निघतो आणि "हॉलला दोन पॉइंट, किचनला एक" एवढ्यावर मिटतो. आज त्यावर जरा सवडीने बोलू.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करते, कारण सगळ्यात जास्त हाल तिथेच होतात. पुष्कळ घरांत ट्यूब ओट्यासमोरच्या भिंतीवर असते, म्हणजे काम करणाऱ्याच्या पाठीमागे. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली हातावर पडते. खोलीत लख्ख उजेड, पण मेथीतलं पिवळं पान दिसत नाही आणि तांदळातला खडा दातांखाली आल्यावरच कळतो. अशा वेळी आणखी मोठी ट्यूब लावून भागत नाही. ओट्यावरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला, एलईडीची पट्टी लावा. पण नुसती चिकटवू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे लांब पन्हळीसारख्या पट्टीत, बसवून घ्या, वर दुधी झाकण लावून. धातू उष्णता ओढून घेतो, त्यामुळे पट्टी टिकते. झाकणामुळे ग्रॅनाइटवर दिव्यांचे ठिपके चमकत नाहीत, आणि फोडणीचा चिकट थर ओल्या फडक्याने पुसता येतो.

हा झाला कामापुरता उजेड. दुसरा खोलीभर पसरणारा आणि तिसरा एखादं चित्र किंवा कोनाडा उठून दिसावा म्हणून दिलेला. दिवाणखान्यात हल्ली फॉल्स सीलिंग करून ओळीने स्पॉटलाइट बसवतात. मला ते पटत नाही. त्यांचा झोत थेट खाली फरशीवर जातो, भिंती अंधारात राहतात आणि बसलेल्या माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात. त्यापेक्षा छताच्या खाचेत लपवलेला दिवा बरा. त्याचा उजेड छतावरून परतून मऊ होतो आणि खोली मोठी वाटते. वाचायला मात्र तो पुरत नाही. त्यासाठी खुर्चीशेजारी वेगळा दिवा हवाच.

घरात वडीलधारी माणसं असतील तर तो आधी घ्या. वयानुसार बुबुळामागचं भिंग पिवळट होतं, बाहुली लहान होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. आजोबा भर दुपारी "दिवा लावा रे" म्हणतात ते उगाच नव्हे. त्यांचा दिवा खांद्यामागून, पानावर उजेड पडेल असा ठेवा. बल्ब डोळ्यांत येऊ देऊ नका.

आता खरेदी. वॅट म्हणजे वीज किती खाणार. उजेड किती मिळणार ते ल्युमेन सांगतात. ६० वॅटचा जुना बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा, आज ९ वॅटचा एलईडी त्याहून थोडा जास्तच देतो. खोक्यावरचा केल्विनचा आकडाही वाचा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला पांढरा, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे सर्रास ६५०० घेतात, कारण पांढरा म्हणजे जास्त उजेड असा समज आहे. झोपायच्या खोलीत मी ३०००च्या वर जाणार नाही. देवघरात तर समईची ज्योत २०००च्या आसपास असते. तिच्या डोक्यावर ६५००ची ट्यूब लावली की ती फिकी पडते.

तिसरा आकडा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यावर पिवळट लेप देऊन पांढरा उजेड काढतात आणि स्वस्त दिव्यात लाल रंग कमी पडतो. मग टोमॅटो मलूल, पैठणीचा काठ विटका आणि आपला चेहरा आजारी दिसतो. ओट्यावर, आरशापाशी आणि कपड्यांच्या कपाटात ९०च्या पुढचा सीआरआय मागून घ्या. आरशाचा दिवा वर नको, दोन्ही बाजूंना हवा.

आणि हे सगळे दिवे एकाच बटणावर देऊ नका. प्रत्येकाला वेगळं बटण, पलंगाशी हात पोहोचेल असं एक, बाथरूमच्या वाटेवर फरशीलगत एक मंद दिवा. भिंतीला प्लास्टर होण्याआधी खडू घेऊन वायरमनबरोबर घरभर फिरा आणि खुर्ची कुठे, आरसा कुठे, आजींचा पलंग कुठे, तिथे तिथे खुणा करा. नंतर भिंत फोडायची वेळ येणार नाही. नमस्कार.